घोडा दारात की बोर्डिंगवर? ठाणे-मुरबाड पट्ट्यात आधी पावसाळ्याचा विचार करा

दर वर्षी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आमची घोडी आणि तिच्या सोबतीचं म्हातारं तट्टू घाट चढून वर जातात. पुण्याच्या पूर्वेला, कमी पावसाच्या पट्ट्यातल्या एका तबेल्यात दोघं पावसाळा काढतात. दिवाळी उरकली की मुरबाडजवळच्या आमच्या वाडीवर परत येतात. वाडी सत्तर गुंठ्यांची. आम्ही राहतो ठाण्यात, वाडीवर काका-काकू असतात.

पहिल्या वर्षी घोडी एकटीच होती आणि तिला बाराही महिने वाडीवर ठेवायचं आमचं ठरलं होतं. ऑगस्टपर्यंत तिच्या चारही खुरांना सडका वास यायला लागला, पाठीवरचे केस खपल्यांसकट गळायला लागले आणि साठवलेल्या गवताला बुरशी धरली. त्या पावसाळ्यात आणि नंतर जे शिकले, ते इथे सविस्तर लिहितेय. शहापूर, मुरबाड, बदलापूर, पनवेलच्या आतल्या गावांत शेतघर असलेली बरीच मंडळी मला एकच प्रश्न विचारतात: "जागा आहे, मग घोडा दुसऱ्याच्या तबेल्यात कशाला?" जागेचा प्रश्न सगळ्यात सोपा आहे. आपल्याकडे घोडं पेंड खातं ते तीन ठिकाणी: पाऊस, माणूस आणि गवत.

आपली हवा घोड्याची नाही

घोडबंदरच्या नावात घोडा आहे, पण घोडा इथला नाही. मार्को पोलो तेराव्या शतकात ठाण्याच्या राज्याबद्दल लिहितो, त्यात एक मजेशीर नोंद आहे: इथल्या राजाचा समुद्री चाच्यांशी करार होता, लुटीत सापडलेले घोडे राजाचे आणि बाकीचा माल चाच्यांचा. घोडे बाहेरूनच यायचे. मारवाडी आणि काठियावाडी कोरड्या मुलखातले, आपला भीमथडी घोडाही भीमेकाठच्या पठारावरचा.

ठाणे जिल्ह्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो आणि जवळपास सगळा चार महिन्यांत. दौंड-बारामतीकडे त्याचा जेमतेम पाचवा हिस्सा. खूर हे नखासारखं असतं. सतत ओलं राहिलं की मऊ पडतं, आणि तळव्याच्या मधल्या मऊ, पाचरीसारख्या भागाच्या खाचांत जंतू शिरून तो सडतो. एप्रिल-मेमध्ये उलटा त्रास: घोडा अंगातली उष्णता घामावाटे बाहेर टाकतो आणि दमट हवेत घाम वाळत नाही. काही घोड्यांचा घाम तर हळूहळू बंदच होतो. सकाळच्या हलक्या रपेटीनंतरही कातडी कोरडी, नाकपुड्या फुगलेल्या आणि अर्धा तास झाला तरी श्वास खाली येत नाही, असं दिसलं तर स्वारी त्याच दिवशी बंद करून डॉक्टरांना बोलवा.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. या पट्ट्यात नवख्या माणसाने बारमाही घोडा घरी ठेवू नये. दिवाळी ते मृग घरी आणि मृग ते दिवाळी बोर्डिंगवर, म्हणजे पैसे देऊन दुसऱ्याच्या तबेल्यात, हा मधला मार्ग बहुतेकांना जमण्यासारखा आहे. तिथवर कसं पोचायचं, ते आता क्रमाने सांगते.

पहिली पायरी: एक वर्ष बोर्डिंगवर

घोडा घेतल्यावर, किंबहुना घेण्याआधीच, एक वर्ष बोर्डिंगच्या तबेल्यात घालवा. काही ठिकाणी याला लिव्हरी म्हणतात. महिन्याला ठरलेली रक्कम दिली की जागा, वैरण, चंदी (म्हणजे दाणा), खरारा (अंग घासणं) आणि साफसफाई तबेल्याकडे. नालबंद, डॉक्टर, औषधं, खोगीर-लगाम हे बहुधा वेगळं. आणखी एक प्रकार असतो: तबेल्याची राइडिंग स्कूल तुमचा घोडा शिकाऊ मुलांसाठी वापरते आणि तुमची रक्कम कमी होते. पैसे वाचतात, पण दिवसाला किती तास, किती वजनाचे स्वार, आठवड्यातून सुट्टी किती, हे लेखी नसेल तर या फंदात पडू नका. तोंडी कराराचं ओझं शेवटी घोड्याच्या पाठीवरच येतं.

हे वर्ष शिकण्यासाठी वापरा. रविवारी जाऊन फेरफटका मारून आलात तर वर्ष फुकट जाईल. निदान काही महिने आठवड्यातून तीन-चार वेळा पहाटे साडेपाचला मोतद्दारांबरोबर, म्हणजे घोड्यांची देखभाल करणाऱ्या माणसांबरोबर, उभे राहा. खूर उचलून साफ करायला शिका. लीद बघायला शिका: निरोगी घोड्याची लीद गोळ्या-गोळ्यांची, जमिनीवर पडताच फुटणारी असते. नाडी मोजायला शिका. जबड्याच्या खालच्या कडेला बोटं ठेवली की लागते आणि शांत उभ्या घोड्याची मिनिटाला साधारण २८ ते ४४ भरते. श्वास ८ ते १६. गुदद्वारात थर्मामीटर धरून ताप ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सियस. तुमच्या घोड्याचे नेहमीचे आकडे वहीत लिहून ठेवा, कारण आजारपणात डॉक्टर फोनवर पहिल्यांदा हेच विचारतात.

तबेला निवडताना

न सांगता, दुपारी दोनच्या सुमाराला जा. सकाळी सगळे तबेले झाडलेले असतात. दुपारी बादल्यांमध्ये पाणी आहे का, समोर वैरण आहे का, की सगळे घोडे रिकाम्या गव्हाणीकडे तोंड करून उभे आहेत, हे बघा. घोड्याचं पोट लहान आणि त्यात आम्ल सतत पाझरत असतं, मग समोर चारा असो वा नसो. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा वैरण टाकणाऱ्या ठिकाणी पोटातले व्रण आणि पोटशूळ ठरलेले.

मग तिथला सगळ्यात म्हातारा, कुणी फारसं न विचारणारा घोडा शोधा आणि त्याचे खूर, बरगड्या आणि खोगीर बसतं ती पाठ नीट पाहा. देखणा घोडा दाखवायला काढलेला असतो. तबेल्याची खरी वागणूक त्या म्हाताऱ्याच्या अंगावर दिसते.

चार गोष्टी स्पष्ट विचारा. एका मोतद्दाराकडे किती घोडे? तीन-चार ठीक, त्याहून जास्त असतील तर खरारा नावापुरताच होणार. रात्री तबेल्यात कोण झोपतं? दिवसाला किती तास घोडा मोकळा सोडतात? आणि तुम्ही फोन उचलला नाहीत तर डॉक्टरांना बोलवायचा अधिकार कुणाकडे, खर्च कुठवर करायचा? आम्ही पहिल्या तबेल्यात हा शेवटचा प्रश्न विचारला नव्हता. एका रात्री घोडीचं पोट दुखत होतं आणि "मालकाला विचारल्याशिवाय डॉक्टर कसा बोलवायचा" म्हणून पहाटेपर्यंत तिला नुसतं फिरवत ठेवलं. ती वाचली. करार मात्र आम्ही दुसऱ्याच दिवशी लिहून घेतला.

आणि अंतर. शिकण्याच्या या पहिल्या वर्षासाठी ठाण्यातून निघून तासाभरात पोचता येईल असा तबेला बघा. शहाडच्या पुलावरची आणि घोडबंदर रोडची गर्दी धरून तासाभर. जास्त लांब असेल तर तुम्ही जाणं कमी होतं, आणि मालक फिरकत नाही त्या घोड्याची चंदी हळूहळू कमी होते.

दुसरी पायरी: स्वतःची जागा जुलैत बघा

जानेवारीत प्रत्येक जागा सुंदर दिसते. सलग तीन दिवस पाऊस झाल्यावर गमबूट घालून जागेवर जा आणि पाणी कुठून येतं, कुठे थांबतं, चोवीस तासांनी कुठे निथळतं, ते बघून खुंट्या मारा. भातखाचरं तर पाणी धरून ठेवण्यासाठीच बांधलेली असतात. तबेल्यासाठी वरकस, उताराची, मुरमाड जमीन हवी. आमचे काका पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "अगं, खाचरात घोडं बांधून भात लावणारेस का?" मी ऐकलं नाही, कारण खाचराजवळ विहीर होती. दुसऱ्या वर्षी तबेला वर माळावर हलवला.

एका घोड्याला मोकळं हिंडायला पंधरा-वीस गुंठे पुरतात, पण तेवढ्यात त्याचं पोट भरत नाही. पावसात तुडवून चिखल होतो आणि डिसेंबरनंतर जमीन उघडी पडते. त्यामुळे चारा विकत घ्यायचाच, असं धरून चाला. जागेचे दोन भाग करा आणि आळीपाळीने वापरा. फाटकाजवळ घोडे सतत उभे राहतात, तिथे खडी आणि वर मुरूम असा थर आधीच टाकून घ्या.

कागदांचं थोडक्यात: सातबारा कुणाच्या नावावर आहे ते स्वच्छ असू द्या, शेड बांधण्याआधी ग्रामपंचायतीत आणि तलाठ्याकडे विचारा, आणि जागा महापालिका हद्दीत असेल तर परवानगीशिवाय घोडा आणूच नका. शेजाऱ्यांशीही आधी बोला. तक्रार नेहमी वासाची आणि माश्यांची असते.

तबेला बांधताना

प्रत्येक घोड्याला १२ फूट बाय १२ फूट, लहान चणीच्या घोड्याला १० बाय १२ चालेल. छप्पर कडेला निदान दहा फूट उंच. जोता आजूबाजूच्या जमिनीपेक्षा दोन फूट वर. आपल्याकडे पाऊस नैर्ऋत्येकडून तिरका येतो, म्हणून ती बाजू भिंतीने बंद आणि छपराची पाखं चार फूट पुढे काढलेली. बाकीच्या बाजू छातीपर्यंत भिंत आणि वर मोकळं. हवा खेळली पाहिजे. मुताच्या अमोनियाने घोड्याची फुफ्फुसं खराब होतात. खाली बसून नाक गवताच्या थराजवळ न्या, डोळ्यांत झोंबलं तर घोड्यालाही झोंबतंय.

पत्र्याखाली एप्रिलमध्ये भट्टी होते. पत्र्याच्या खाली हातभर अंतर सोडून बांबूचा ताटवा बांधा, किंवा वरून गवताचा थर द्या. जमीन खरबरीत सिमेंटची, मोरीकडे हलका उतार असलेली आणि वर रबरी मॅट. गुळगुळीत कोबा किंवा फरशी अजिबात नको, घोडा उठताना घसरून मांडी मोडून घेतो.

अंथरायला लाकडाचा भुसा किंवा भातगिरणीचा तूस वापरा. मुरबाड भागात गिरण्या आहेत, तूस सहज मिळतो, पण धूळ उडत असेल तर हलकं पाणी मारून टाका. भाताचा पेंढा अंथरला तर बरेच घोडे तो खातात आणि पोटात गठ्ठा होतो.

कुंपणाला काटेरी तार लावू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे. शेतघरांना सगळीकडे तीच असते. घाबरलेला घोडा तार बघत नाही, तो तिच्यातून धावतो. बांबूचे किंवा लोखंडी पाइपचे आडवे दांडे, साडेचार फूट उंच, हे बरं. दांड्यांच्या आतल्या बाजूने करंट असलेली जाड दोरी लावली तर आणखी बरं. कुंपणालगतची झाडं तपासा. शोभेसाठी लावलेली लाल किंवा पिवळी कण्हेर घोड्याच्या हृदयावर घाव घालते, मूठभर पानंही जिवावर बेततात. एरंड आणि घाणेरीही काढून टाका. कापलेल्या फांद्याही तिथे पडू देऊ नका, सुकलेली कण्हेर तितकीच विषारी असते.

वैरण आणि चंदी

इथे थोडं थांबते, कारण आमच्या भागात सगळ्यात जास्त चुका खाण्यात होतात. बहुतेकांना गाई-म्हशींचा अनुभव असतो आणि तोच घोड्याला लावला जातो.

साडेतीनशे-चारशे किलोच्या मारवाडी किंवा काठियावाडी घोड्याला दिवसाला वजनाच्या दोन टक्के सुका चारा लागतो, म्हणजे सात-आठ किलो. महिन्याला सव्वादोनशे-अडीचशे किलो. पावसाळाही वाडीवरच काढायचा असेल तर एका घोड्यासाठी जूनच्या आधी दीड टन कोरडं गवत उंच, हवेशीर माळ्यावर भरून ठेवावं लागतं, कारण पावसात चांगलं गवत कुणाकडेच नसतं. गावातल्या गवताच्या वखारींमधून दिवाळीनंतर डोंगरी गवत मिळतं. मूठभर हातात घेऊन झटका. धूर निघाल्यासारखी पावडर उडाली किंवा कुबट वास आला तर परत पाठवा. घोडा ओकू शकत नाही. पोटात गेलेलं खराब खाणं त्याला पुढे ढकलावंच लागतं.

भाताचा पेंढा गाईला चालतो. घोड्याच्या दृष्टीने त्यात सत्त्व जवळजवळ नाही, मुख्य वैरण म्हणून तो देऊ नका. हरळी आणि मारवेल उत्तम. कडबा कुट्टी करून थोडा चालतो, पण कोवळी हिरवी ज्वारी अजिबात नाही. लसूणघास घाटावरून येतो, चांगला असतो, रोज दीड-दोन किलो पुरे.

आता नेपियर. प्रत्येक शेतघराच्या बांधावर हत्तीगवत लावलेलं असतं आणि "हिरवागार चारा आहे की" म्हणून घोड्याला तेच महिनोन्महिने घातलं जातं. त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. गाईच्या पोटातले सूक्ष्मजीव ऑक्झलेट फोडतात, म्हणून शेजारच्या गाईला काही होत नाही. घोड्याचं पोट तसं नाही. सोबत गव्हाचा कोंडा भरपूर असेल तर दुहेरी मार, कारण कोंड्यात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी. मग शरीर हाडांतून कॅल्शियम ओढायला लागतं. आधी घोडा अधूनमधून लंगडतो, कारण सापडत नाही, आणि पुढे चेहऱ्याची हाडं दोन्हीकडून फुगतात. पॅरा आणि गिनी गवताचंही हेच. नेपियर द्यायचंच तर थोडं, लसूणघासाबरोबर, आणि चुनखडीची पावडर किती द्यायची ते डॉक्टरांकडून ठरवून.

दाण्याची गरज लोकांना वाटते त्याच्या निम्मीही नसते. दिवसाला तासभर हलकी रपेट करणाऱ्या घोड्याला चांगली वैरण असेल तर किलो-दीड किलो ओट किंवा जव आणि मूठभर भिजवलेला हरभरा भरपूर झाला. एका वेळेला दोन किलोच्या वर दाणा कधीच नको. डब्याने मोजू नका, काट्यावर वजन करा. हरभऱ्याचा डबा आणि ओटचा डबा यांच्या वजनात खूप फरक असतो. मीठ रोज दोन चमचे, उन्हाळ्यात दुप्पट. पाणी दिवसाला तीस-चाळीस लिटर, आणि वीज गेली तर पंप बंद, म्हणून दोन दिवसांचं पाणी टाकीत कायम.

एक इशारा मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावा: कोंबड्यांचं किंवा गुरांचं तयार खाद्य घोड्याला नाही. कोंबडीखाद्यात मोनेन्सिन किंवा सॅलिनोमायसिन ही औषधं असू शकतात. कोंबडीला ती सोसतात, घोड्याच्या हृदयाचे स्नायू थोड्या मात्रेनेही निकामी होतात. आपल्या भागात पोल्ट्रीच्या शेड जागोजागी आहेत, एकाच टेम्पोतून पोती येतात, कामगार प्रेमाने मूठभर घालतात. दाणा झाकणाच्या पत्र्याच्या पिंपात ठेवा. उंदीर येणार नाहीत, आणि उंदरांच्या मागे येणारे नाग-घोणसही.

माणूस

दोन घोड्यांचं काम रोज चार-पाच तास, वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस. ठाण्यात नोकरी करून वाडीवर घोडा ठेवायचा म्हणजे तिथे राहणारा माणूस हवा आणि तो गावाला गेला तर दुसरा हवा. आम्ही हे दुसऱ्या माणसाचं विसरलो होतो. जुलैत लावणी सुरू झाली आणि आमच्या मोतद्दार मामांनी आधीच सांगितल्याप्रमाणे सुट्टी घेतली. स्वतःची शेती सोडून आपल्या घोड्यासाठी कुणी का थांबावं? गावात त्या तीन आठवड्यांत एकही हात मोकळा नसतो. नेमका तोच काळ चिखलाचा, खूर सडण्याचा, माश्यांचा. आम्हाला घाटावरचा तबेला शोधायला लावला तो या लावणीनेच.

मोतद्दार ठेवताना त्याला पहिल्यांदा घोड्याजवळ जाताना बघा. तो आवाज देऊन, खांद्याच्या बाजूने, हळू जातो का? ओरडणारा, दोरीला हिसके देणारा माणूस कितीही अनुभवी असला तरी नको. पगार वेळेवर, आठवड्याची सुट्टी पक्की, धनुर्वाताचं इंजेक्शन त्यालाही. आणि एक नियम पहिल्या दिवशीच सांगा: घोडी वरातीला जाणार नाही. लग्नसराईत नात्यातले, गावातले, ओळखीचे सगळे विचारतील. डीजेपुढे, फटाक्यांत, अनोळखी नवरदेव पाठीवर घेऊन चार तास उभं राहणं तिने कधी शिकलेलं नसतं. नाही म्हणताना वाईटपणा येतो, तो घ्यावा.

सोबतीचाही विचार इथेच करायला हवा. घोडा कळपातला प्राणी आहे. एकटा ठेवला की तो रात्री नीट झोपत नाही, फाटकाशी येरझाऱ्या घालतो, लाकूड चावतो. शेळी किंवा गाय काही अंशी सोबत देते, पण दुसरा घोडा किंवा तट्टू ही खरी सोबत. दोघांचा खर्च झेपत नसेल तर एकट्याला घरी आणण्यापेक्षा त्याला बोर्डिंगवर इतरांमध्ये राहू द्या.

डॉक्टर, नालबंद आणि रात्रीचे अकरा

घोडा घरी आणण्याआधी एक प्रश्न सोडवा: रात्री अकराला पोट दुखायला लागलं तर कोण येईल? तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना भेटा, १९६२ या क्रमांकाची फिरती सेवा तुमच्या गावापर्यंत येते का विचारा, आणि घोड्यांचं काम करणारा खाजगी डॉक्टर आधीच एकदा वाडीवर बोलावून जागा दाखवा. मोठ्या उपचारासाठी परळला १८८६ साली सुरू झालेलं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पण मुरबाडहून तिथवर आजारी घोडा नेणं म्हणजे चार-पाच तास. गाडी कुणाची, तेही ठरवून ठेवा.

पोटशूळाची लक्षणं: पुढच्या पायाने जमीन उकरणं, मान वळवून पोटाकडे बघणं, लोळणं, लीद न टाकणं. वैरण लगेच काढून घ्या, नाडी मोजा, डॉक्टरांना फोन करा. नाडी साठच्या वर असेल तर ते पहिल्या वाक्यात सांगा. डॉक्टर येईपर्यंत दहा-पंधरा मिनिटं हळू चालवलं तर चालतं, तासन्‌तास फरफटवू नका. गावातली अनुभवी माणसं बांबूच्या नळ्याने तेल पाजायला पुढे येतील. गाईला पाजतात तसं. आदराने पण ठामपणे थांबवा. घोड्याच्या बाबतीत ते तेल फुफ्फुसांत जाऊ शकतं, आणि मग पोटाऐवजी न्यूमोनियाने घोडा जातो.

धनुर्वाताची लस चुकवू नका. घोडा या जंतूला फार हळवा असतो आणि लिदीत, मातीत तो असतोच. घोड्याला रेबीजची लसही द्या, वाडीवर भटकी कुत्री असतात. गोमाश्यांच्या चावण्यातून पसरणारा सर्रा हा पावसाळ्यातला आणि त्यानंतरचा आजार: ताप येतो-जातो, खाणं चालू असूनही घोडा वाळतो, पोटाखाली आणि पायांना सूज येते. रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. जंताचं औषध दर दोन महिन्यांनी डोळे मिटून देण्यापेक्षा लिदीचा नमुना तपासून द्या.

सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या बाजारातून किंवा कुठूनही नवा घोडा घेताना लोक आधी अंगावरच्या केसांचे शुभ-अशुभ भोवरे बघतात. तुम्ही आधी खूर, दात आणि डोळे बघा, आणि ग्लँडर्सची रक्ततपासणी झाल्याशिवाय त्याला तुमच्या घोड्यांजवळ नेऊ नका. हा रोग माणसालाही होतो, त्याला लस नाही, आणि २००९ च्या प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांसंबंधीच्या कायद्यानुसार तो सरकारला कळवावा लागतो. नव्या घोड्याची बादली, खरारा, दोर तीन आठवडे वेगळे.

नालबंद शोधणं डॉक्टर शोधण्यापेक्षा अवघड आहे. सहा ते आठ आठवड्यांनी खूर तासायलाच हवेत, नाल असो वा नसो. मऊ मातीवरच हिंडणाऱ्या घोड्याला नाल बहुधा लागत नाही. आजूबाजूच्या तीन-चार घोडेवाल्यांनी मिळून एकाच दिवशी बोलावलं तर नालबंद लांबून यायला तयार होतो. दर भेटीची पुढची तारीख त्याच दिवशी ठरवा. वर्षातून एकदा डॉक्टरांकडून दातही घासून घ्यायचे. कडेचे दात धारदार होऊन गाल कापतात आणि चघळलेले बोळे खाली पडायला लागतात.

लिदीचं सोपं आहे. दिवसाला एका घोड्याची पंधरा-वीस किलो पडते. विहिरीपासून लांब, झाकलेल्या खड्ड्यात टाकली आणि अधूनमधून वरखाली केली की तीन-चार महिन्यांत खत. आमचं सगळं खत भाताच्या रोपवाटिकेला जातं आणि उरलेलं शेजारी मागून नेतात.

घरी आणायचा दिवस

दिवाळीचे फटाके पूर्ण थांबल्यावर, जमीन वाळल्यावर आणा. गाडीत तळाला वाळू आणि वर गवत, सोबत ओळखीचा माणूस आणि प्रवासाला योग्य असल्याचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र. मे महिन्यात परत पाठवताना मात्र रात्री निघा म्हणजे ऊन लागणार नाही, आणि ७-८ जूनला मृग लागण्याआधीच, नाहीतर माळशेजमध्ये दरडी कोसळायला लागतात.

घरी येताना दिवसाउजेडी पोचा. बोर्डिंगच्या तबेल्यातली दहा दिवसांची वैरण आणि चंदी सोबत घ्या आणि रोज थोडी-थोडी करत नव्या गवतावर आणा, खाणं एकदम बदललं की पोट बिघडतंच. उतरवल्यावर लगेच मोकळं सोडू नका. दोरी धरून कुंपणाच्या कडेने दोन फेऱ्या मारा, पाण्याची टाकी दाखवा, फाटक दाखवा. मग सोबतीचा प्राणी शेजारच्या खणात, नाकाला नाक लागेल असा.

पहिल्या रात्री कुणीतरी तबेल्याशेजारी झोपा. घोडी बराच वेळ कान टवकारून उभी राहील, लांबच्या कुत्र्यांना खिंकाळून उत्तर देईल, पाण्याला तोंड लावणार नाही. बोलत राहा, बादलीत चिमूटभर मीठ किंवा गूळ टाकून बघा. पहाटे बॅटरी घेऊन आत जा आणि लिदीचे ढीग मोजा. चार-पाच दिसले आणि बादली अर्धी झाली असेल, तर काकूंना चहा टाकायला सांगा.